रात्रीच्या टेस्ट कोण वाचतं?

आमच्याकडे पाण्याची पाळी असते त्या दिवशी मी पहाटे साडेचारला उठते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. मोटार लावायची, टाकी भरेपर्यंत जिन्यात बसायचं. अशा वेळी हातात फोन असतोच, आणि त्यावर मी सगळ्यात आधी बघते ते एवढंच: रात्री दोनला सुरू झालेला पूर्ण बिल्ड हिरवा आहे की लाल.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम घरून करते. दुकानदारांसाठी बिलं, साठा, उधारी आणि जीएसटीचे रिपोर्ट असं आमचं सॉफ्टवेअर आहे. कोणीही कोडमध्ये बदल करून तो पाठवला, की सर्व्हर तो उचलतो, जुळवतो आणि त्याच्यावर टेस्ट चालवतो. ही एक फेरी म्हणजे एक बिल्ड: सगळं पास तर हिरवा, काही फेल तर लाल. यालाच कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात, आम्ही नुसतं सीआय म्हणतो. टेस्ट म्हणजे तरी काय, तर छोटे छोटे प्रश्न. पाच टॉवेल विकले तर साठ्यातून पाच कमी झाले का? उधारीचं बिल रोखीत तर गेलं नाही ना? असे प्रश्न प्रोग्रॅमनेच प्रोग्रॅमला विचारायचे. ही पद्धत रुजवणारं जेयुनिट हे साधन केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात लिहायला घेतलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. दोन माणसं, एक लॅपटॉप आणि एक विमानप्रवास, एवढ्यात जगभरच्या प्रोग्रॅमरांची सवय बदलली.

मी रुजू झाले तेव्हा आमच्याकडे शंभरेक टेस्ट होत्या आणि चहा होईपर्यंत निकाल यायचा. आता दोन हजार आठशेच्या वर आहेत. सगळ्या चालवल्या तर एक तास पस्तीस मिनिटं लागतात. त्यातला तासभर वेळ एकट्या दीडशे टेस्ट खातात. त्या खरा ब्राउझर उघडतात, लॉगिन करतात, बटणं दाबत दाबत बिल छापण्यापर्यंत जातात. उरलेल्या टेस्ट बिचाऱ्या पटापट उरकतात.

दीड तास हा वेळ वाईट आहे. आठ तास लागत असते तर आम्ही तो बिल्ड सरळ रात्रीवर टाकला असता. पाच मिनिटं लागत असती तर थांबलो असतो. दीड तासात माणूस थांबतही नाही आणि विसरतही नाही. बदल पाठवून देतो, दुसऱ्या कामात शिरतो, तिथे डोकं रमतं ना रमतं तोच लाल निशाणी येते. मग आधी आपण काय केलं होतं ते आठवण्यात अर्धा तास जातो. तोवर आणखी तिघांचे बदल आत आलेले असतात. तुटलं कोणामुळे, हे शोधण्यात दुपार संपते. आणि एक दिवस कोणीतरी लिहितं, ‘आधी मर्ज करतो, टेस्ट नंतर बघतो.’ म्हणजे न तपासलेला बदल सगळ्यांच्या कोडमध्ये. आमच्याकडे ते वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं होतं.

केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत मांडताना दहा मिनिटांच्या बिल्डचा आग्रह धरला होता. मशीन परवडतं की नाही, हा त्यामागचा मुद्दा नाही. केलेलं काम डोक्यात ताजं असतानाच निकाल यावा, हा आहे. म्हणून आम्हाला निवड करणं भाग होतं. प्रत्येक बदलावर दहा मिनिटांत बसतील तेवढ्याच टेस्ट चालतील, बाकीच्या रात्री. पण कोणत्या?

हा प्रश्न मी कोडचा म्हणून घेऊन बसले होते. त्याचं निम्मं उत्तर माझ्या घरात होतं, आणि ते समजायला मला उशीर झाला.

माझी आई अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं घडी-तपासणीला होती. शाळा सुटली की मी तिथेच जायची. लूमच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे मी नुसती बघत बसायची. ट्यूबलाइटखाली उतरतं टेबल, त्यावरून चादर ओढली जायची आणि आईचा उजवा तळवा तिच्यावर सपाट फिरायचा. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळायचं. आडवा धागा सुटलेला असेल, गाठ राहिली असेल, कड उसवलेली असेल, तर तळवा तिथेच थांबायचा. तेलाचा डाग तेवढा डोळ्यांनी टिपायची. मग खडूची खूण आणि चादर डावीकडच्या ढिगात, सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात.

पण ती प्रत्येक चादर पूर्ण उघडत नसे. ते शक्यच नव्हतं. लूमवर नवीन बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढला की त्यावरच्या पहिल्या चादरी ती पूर्ण पसरून बघायची. मग नुसती दोन टोकं आणि मधला भाग. जॉबरने, म्हणजे लूम सांभाळणाऱ्या मिस्त्रीने, एखादा लूम दुरुस्त केला असेल, तर त्याचा माल पुन्हा काही दिवस पूर्ण उघडायचा. खिडकीजवळच्या एका जुन्या लूमवर तिचा कधीच भरवसा नव्हता, त्याची प्रत्येक चादर उघडली जायची. कुठल्या लूमवर कोण आहे, काल कोणाचं पोर आजारी होतं, कोणाच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, हेही त्यात धरलेलं असायचं.

आणि ज्या चादरी पूर्ण उघडून बघितलेल्या नसत, त्यांचा गठ्ठा वेगळा असे. वर चिठ्ठी. पॅकिंगला जाण्याआधी दुसरी बाई तो गठ्ठा घ्यायची. मी एकदा विचारलं होतं, असा वेगळा का ठेवायचा. आई म्हणाली, “न बघितलेलं बघितलेल्यात मिसळलं की मग काय बघितलं न् काय राहिलं, कोणालाच कळत नाही.”

हे मी लहानपणी ऐकलं आणि मोठेपणी नेमकं तेच मिसळलं.

टेस्ट निवडण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे लेबल. पायटेस्ट या जेयुनिटसारख्याच साधनात टेस्टच्या डोक्यावर मार्कर लावता येतो, जेयुनिटमध्ये टॅग. मग सांगायचं, ‘स्लो’ लिहिलेल्या सोडून बाकीच्या चालव. आम्हीही आधी तेच केलं आणि ‘महत्त्वाच्या’ असं एक लेबल काढलं. चुकलंच ते. आपली टेस्ट महत्त्वाची नाही असं कोण म्हणेल? सहा महिन्यांत महत्त्वाच्यांची यादी फुगून बिल्ड पुन्हा चाळीस मिनिटांवर गेला. माझं आता ठाम मत आहे की महत्त्वावर भांडू नये, वेळेची मर्यादा घालावी. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. नवी टेस्ट आत यायची असेल तर कोणती रात्रीवर जाणार, ते आणणाऱ्यानेच सांगायचं.

दुसरी पद्धत म्हणजे बदलाच्या मागोमाग जाणं. कोणती फाइल बदलली, तिच्यावर कोण अवलंबून आहे, त्या टेस्ट शोधायच्या आणि तेवढ्याच चालवायच्या. यावर संशोधन जुनं आहे. ग्रेग रॉदरमेल आणि मेरी जीन हॅरल्ड यांनी १९९७ साली मांडलेल्या पद्धतीत ‘सुरक्षित’ हा शब्द फार काटेकोर अर्थाने येतो: बदलामुळे जी टेस्ट वेगळं वागू शकते, ती एकही गाळायची नाही. मोठ्या कंपन्या आणखी पुढे गेल्या. फेसबुकने २०१८ मध्ये सांगितलं की त्यांचं मशीन लर्निंगचं मॉडेल जुन्या निकालांवरून ठरवतं, या बदलावर कोणती टेस्ट फेल जाण्याची शक्यता आहे. बदललेल्या कोडवर अवलंबून असलेल्या टेस्टपैकी फक्त एक तृतीयांश चालवून ते ९९.९ टक्क्यांहून जास्त बिघाड पकडत होते. आमच्यासारख्या अकरा जणांच्या टीमला ते झेपणारं नाही आणि गरजेचंही नाही. आम्ही साधा मार्ग घेतला: कोणती फाइल कोणती फाइल इम्पोर्ट करते, म्हणजे कोडमध्ये नाव घेऊन वापरते, याचा नकाशा काढायचा आणि त्यावरून टेस्ट निवडायच्या. बिल्ड सात मिनिटांवर आला. त्या शुक्रवारी सगळे खूश होते, मीसुद्धा.

मग एक बदल आला. तो माझाच होता.

बिलावर पाच टक्के जीएसटी म्हणजे अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा. ३३३ रुपये ३० पैशांच्या मालावर अडीच टक्के होतात ८ रुपये ३३.२५ पैसे. दोन्ही भाग वेगवेगळे पूर्ण पैशांत आणले तर ८.३३ अधिक ८.३३, म्हणजे १६.६६. पण आधी पाच टक्के काढले तर येतात १६.६६५, आणि ते पूर्ण पैशांत आणले की १६.६७. एका पैशाचा फरक. आमच्याकडे यातलं कोणतं करायचं ते सेटिंग्जच्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. एका मोठ्या ग्राहकासाठी नवा पर्याय जोडताना मी मूळची ओळ बदलली. त्याच्याच सेटिंग्जमध्ये करायचा बदल सगळ्यांच्या सेटिंग्जमध्ये केला.

बिल्ड चाळीस सेकंदांत हिरवा झाला. चाळीस सेकंदांत, कारण एकही टेस्ट चालली नव्हती. सेटिंग्जची फाइल कोणी इम्पोर्ट करत नाही, प्रोग्रॅम चालू झाल्यावर ती वाचली जाते. नकाशात तिच्याकडे जाणारा एकही रस्ता नव्हता. नकाशा म्हणाला, याच्यावर कोणीच अवलंबून नाही. आणि आमच्या पडद्यावर ‘सगळ्या टेस्ट पास’ आणि ‘एकही टेस्ट चालली नाही’ या दोन्हींसाठी निशाणी एकच होती, हिरवी.

अठरा दिवसांनी बार्शीहून फोन आला. कापड दुकानाचा हिशेब लिहिणारे गृहस्थ. मी जिल्ह्यातलीच आहे म्हणून या भागातले फोन कधीकधी थेट मला जोडून देतात. त्यांचा आवाज थकलेला होता. “ताई, वीस तारीख जवळ आली. रिटर्न भरायचंय आणि माझी बेरीज जुळत नाही. दोन रात्री बसलोय. माझंच कुठंतरी चुकतंय, एवढं सांगा कुठं.” बिलावर ८.३३ आणि ८.३३ छापलं जात होतं आणि एकूण कर १६.६७. सहाशेच्या वर बिलं. फरक सगळा मिळून तीन रुपयेसुद्धा नव्हता.

तीन रुपयांचं मला काही वाटलं नाही. पण दोन रात्री तो माणूस स्वतःची चूक शोधत होता, आणि चूक माझी होती. ते मी त्यांना फोनवरच सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं बाई, मला वाटलं डोळे गेले माझे.”

आता खरा प्रश्न. पूर्ण बिल्ड तर रोज रात्री चालत होता. त्यात ही टेस्ट होती. मग त्या रात्रीच ती फेल कशी गेली नाही? गेली होती. पहिल्याच रात्री गेली होती आणि रोज जात होती. पण रात्रीचा बिल्ड त्याच्याही नऊ दिवस आधीपासून लालच होता, एका दुसऱ्या टेस्टमुळे. बिल बनवलं की त्यावर आजची तारीख येते का, एवढंच बघणारी टेस्ट. दिवसा कधीही चालवा, पास. रात्री फेल. आम्ही सगळ्यांनी तिला ‘फ्लेकी’ म्हणून सोडून दिलं होतं. लहरी आहे, रात्रीचीच रुसते. आणि लाल रंगाची सवय झाली की त्या लालच्या आत आणखी एक लाल आलंय, हे दिसत नाही.

लहरी टेस्ट हा काही आमचाच आजार नाही. गूगलने २०१६ साली स्वतःबद्दल लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा आहे, आणि पासवरून फेलवर जाणाऱ्या ८४ टक्के निकालांत कुठेतरी लहरी टेस्टचा हात असतो. हे आकडे वाचून मला धीर आला होता. धीर येणं हेच चुकलं.

कारण ती टेस्ट लहरी नव्हतीच. बार्शीच्या फोननंतर मी तिच्यासमोर बसले. आमचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दोनला, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. एका ठिकाणी आम्ही तारीख भारतीय वेळेने काढत होतो, बिल बनवताना मात्र सर्व्हरच्या वेळेने. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत बनलेल्या प्रत्येक बिलावर कालची तारीख. टेस्ट रोज रात्री खरंच बोलत होती.

पण त्या वेळी बिलं बनवतं कोण? हे मला कोणी पुण्यातून विचारलं असतं तर ठीक. मी सोलापूरची. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेर रात्री गाड्यांची रांग मी लहानपणापासून बघितली आहे. डेटाबेसमध्ये शोधलं. एका अडत दुकानाच्या कितीतरी हिशोबपट्ट्या रात्री एक ते पहाटे पाच या वेळातल्या होत्या, प्रत्येकीवर आदल्या दिवशीची तारीख. त्यांनी तक्रार कधीच केली नव्हती. फोन केला तर दिवाणजी म्हणाले, आम्ही पेनाने दुरुस्त करतो, सॉफ्टवेअर असंच असतं ना. दोन वर्षं ते पेनाने दुरुस्त करत होते.

त्या रात्री जेवताना आईला हे सगळं सांगितलं. कोड तिला कळत नाही, पण तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “जॅकार्डची पट्टी बदलल्यावर तुम्ही सगळं उघडून नाही बघितलं?”

चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. लूम तोच, धागा तोच, कामगार तोच. पट्टी बदलली की चादर वेगळी. आणि एका पट्टीत एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत, प्रत्येक मोरात, नेमक्या त्याच जागी चूक. म्हणून नवी माळ चढली की सगळा माल पूर्ण उघडायचा, तिथे हात राखायचा नाही. माझी सेटिंग्जची फाइल म्हणजे ती माळ होती. यंत्राला हात न लावता सगळं बदलणारी. आणि मी तिच्या बदलावर शून्य टेस्ट चालवल्या होत्या.

आमचा नियम आता आईच्याच शब्दांत मांडता येईल असा आहे. सेटिंग्ज, डेटाबेसची रचना, बाहेरच्या लायब्ररीचं व्हर्जन, बिल्डची स्वतःची स्क्रिप्ट, यातलं काहीही हललं तर निवड बंद, सगळ्या टेस्ट चालवायच्या, दीड तास लागला तरी लागू दे. नकाशाला एखादी फाइल ओळखता आली नाही तरी तेच. ओळखत नाही म्हणजे संबंध नाही, असं समजायचं नाही. पैशाला हात घालणाऱ्या टेस्ट, म्हणजे बिलाची बेरीज, कर, उधारी आणि साठ्याची वजाबाकी, बदल कशातही असो, चालतातच. त्या सगळ्या मिळून दोन मिनिटांच्या आत संपतात, त्या वाचवून काय मिळवणार? आणि निकालाच्या पानावर हिरव्या निशाणीशेजारी आता आकडा असतो: २१४ चालल्या, २,६३१ रात्रीसाठी ठेवल्या. वेगळा गठ्ठा, वर चिठ्ठी.

टीम लीडशी माझा एक वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, ज्या टेस्ट दोन वर्षांत एकदाही फेल गेल्या नाहीत त्या काढून टाकू. मला ते ऐकवत नाही. दोन वर्षं फेल न गेलेली टेस्ट म्हणजे कोणी हात न लावलेल्या कोडची राखणदार असू शकते. पण ती नुसतीच उभी असेल, हेही शक्य आहे. हे कळायला मार्ग एकच, मुद्दाम मोडून बघायचं. मी सवलतीच्या हिशोबात वजाचं चिन्ह अधिक केलं आणि नावात ‘सवलत’ असलेल्या सगळ्या टेस्ट चालवल्या. चौदा हिरव्याच राहिल्या. उघडून बघितल्या तर सात जणी सवलतीचा आकडा काढून तो कशाशीही न ताडता सोडून देत होत्या, काही सवलत शून्य धरून तपासत होत्या. त्या आम्ही दुरुस्त केल्या, तीन काढल्या. न वाचता काढायला मात्र माझी तयारी नाही, आणि तेवढं त्यांनी मान्य केलंय.

आईच्या टेबलाशी सगळंच जुळतं असंही नाही. तिच्या हातून एक चादर निसटली तर एका घरात एक वाईट चादर जायची, आणि पकडली गेली तर सेकंडच्या भावात विकली तरी जायची. माझ्या हातून निसटलेली ओळ त्याच संध्याकाळी प्रत्येक दुकानात पोचते, आणि चुकलेल्या बिलाला सेकंडचा बाजार नसतो. तिला मात्र एक गोष्ट माझ्याहून कठीण होती: तिला रात्रीच्या वेळी सगळा माल पुन्हा उघडून देणारं यंत्र नव्हतं. मला आहे. मला फक्त सकाळी ते वाचायचं असतं.

म्हणून आता रात्रीच्या निकालाची पाळी लावली आहे. आठवड्याला एक जण. लाल असेल तर नऊच्या आत कारण लिहायचं, ‘लहरी’ हे कारण चालत नाही. खरंच लहरी असेल तर ती टेस्ट बाजूला, तिच्यावर कोणाचं तरी नाव आणि तारीख. तारीख उलटली की ती पुन्हा आत येते, लाल तर लाल.

हा आठवडा माझा आहे. आज पाणीही होतं. पावणेपाचला जिन्यात बसून बघितलं तर एक लाल, गोदामातून दुकानात माल हलवण्याची. लॉग उघडला. मंगळवेढ्याचा नवा मुलगा आहे आमच्यात, त्याने काल दुपारी त्याच भागात काम केलं होतं. दिवसाच्या दहा मिनिटांत ही टेस्ट नव्हती. माल गोदामातून कमी होत होता, दुकानात वाढत नव्हता. मी ग्रुपवर लिहिलं, ‘लाल खरं आहे. कारण सापडलंय, आज रिलीज नको.’ मग वरून पाणी वाहायचा आवाज आला आणि मी मोटार बंद करायला पळाले.